पाण्यातले विष दाखवणारा उजेड

गढूळ पाणी आपण पीत नाही. घाण वास येणारे पाणी आपण ओतून देतो. खारट पाणी जिभेला लागले, की आपण थुंकून टाकतो. डोळे, नाक आणि जीभ हे आपले तीन राखणदार आहेत. बापजाद्यांपासून आपण त्यांच्यावर भरवसा ठेवीत आलो आहोत. पुष्कळ वेळा हे राखणदार आपले काम चोख करतात.

पण काही विषे अशी आहेत, की ती ह्या तिघांनाही चकवतात. पाणी आरशासारखे निर्मळ असते. त्याला वास नसतो. चवही चांगली असते. आणि तरी त्यात विष असते. शिसे, पारा, कॅडमियम ही अशी विषे होत. हे धातू वजनाला जड, म्हणून त्यांना जड धातू म्हणतात.

कोणी विचारील, "काय हो, धातू पाण्यात कसा राहील? लोखंडाचा खिळा तर तळाला जाऊन बसतो."

प्रश्न बरोबर आहे. पण मिठाचा खडा पाण्यात टाकून पाहा. थोड्या वेळाने खडा दिसेनासा होतो. मीठ काही नाहीसे होत नाही. ते पाण्यात विरघळते. शिशाचे आणि पाऱ्याचेही असे क्षार असतात. ते मिठासारखे पाण्यात विरघळतात. फरक एवढाच, की मीठ जिभेला कळते. हे मात्र थोडे असले तर कळत नाहीत. आणि थोडेसुद्धा घात करायला पुरतात.

अशा विषाला उजेडात आणण्याची एक युक्ती शास्त्रज्ञांनी काढली आहे. 'उजेडात आणणे' असे आपण बोलताना नेहमी म्हणतो. येथे मात्र खरोखरचाच उजेड आहे. ती युक्ती काय, ती कशी चालते, आणि ती कोठे कमी पडते, हे आपण ह्या पाठात पाहू.

मिनामाटा गावची हकीकत

जपान देशात समुद्राच्या काठी मिनामाटा नावाचे गाव आहे. तेथे पुष्कळ कोळी लोक राहत. त्यांच्या रोजच्या जेवणात मासे असत. १९५० नंतर तेथे एक चमत्कारिक गोष्ट दिसू लागली. गावातली मांजरे वेड्यासारखी गरगर फिरत. तोल जाऊन पडत आणि मरून जात. लोक म्हणत, "मांजरांना नाचरा रोग झाला."

पुढे माणसांनाही तसेच होऊ लागले. हात थरथरत. जीभ अडखळे. नजर कमी होई. धड चालता येईना. पुष्कळ माणसे दगावली. १ मे १९५६ रोजी ह्या रोगाची सरकारदरबारी पहिली नोंद झाली.

गावात रसायनांचा एक मोठा कारखाना होता. त्याचे सांडपाणी समुद्रात सोडत. १९३२ सालापासून त्या सांडपाण्यात पाऱ्याचे एक फार विषारी रूप जात होते. समुद्र दिसायला नेहमीसारखाच निळा. पण पारा पाण्यातल्या बारीक जीवांत गेला. त्यांना खाणाऱ्या माशांत गेला. माशांतून मांजरांत आणि माणसांत गेला. प्रत्येक पायरीवर तो साठत गेला. काही आया स्वतः धडधाकट दिसत. पण त्यांची मुले मात्र रोग घेऊनच जन्माला आली.

१९५९ साली कुमामोटो विद्यापीठाच्या संशोधकांनी पाऱ्याकडे बोट दाखवले. त्याच साली कारखान्याच्या दवाखान्यातले डॉक्टर हाजिमे होसोकावा यांनी एक प्रयोग केला. कारखान्याचे सांडपाणी त्यांनी एका मांजराला अन्नातून घातले. मांजराला तोच रोग झाला. पण कारखान्याने ही गोष्ट दाबून ठेवली. पाऱ्याचे पाणी समुद्रात जाणे थांबले ते १९६८ साली. म्हणजे पहिली नोंद झाल्यावर बारा वर्षांनी! पुढे दोन हजारांहून अधिक माणसे ह्या रोगाचे रोगी म्हणून सरकारने मान्य केली.

ह्या हकीकतीतून दोन गोष्टी ध्यानात येतात. पहिली अशी, की विष आहे हे कळायला तेथे आधी मांजरे मरावी लागली, मग माणसे. दुसरी अशी, की विष कळल्यावरही ते लगेच थांबले नाही. दुसऱ्या गोष्टीकडे आपण शेवटी पुन्हा येऊ. आधी पहिलीचा विचार करू. मांजराचा जीव न घेता विष आधीच कळले तर किती बरे होईल!

किती थोडे विष?

हे काम सोपे नाही. कारण विष फार थोडे असते. आपल्या देशाच्या सरकारी मानकाप्रमाणे पिण्याच्या एक लिटर पाण्यात शिसे ०.०१ मिलिग्रॅमपेक्षा जास्त असू नये. पारा तर ०.००१ मिलिग्रॅमपेक्षा जास्त असू नये.

हे आकडे डोळ्यांसमोर कसे आणावे? तांदळाचा एक दाणा घ्या. त्याचे वजन साधारण २० मिलिग्रॅम भरते. त्याचे दोन तुकडे करा. आता घरावर ठेवतात ती एक हजार लिटरची टाकी डोळ्यांसमोर आणा. त्या भरल्या टाकीत अर्ध्या दाण्याएवढ्या वजनाचे शिसे, ही झाली हद्द. पाऱ्याची हद्द त्याहून लहान. दाण्याचे वीस तुकडे करावे आणि त्यातला एकच तुकडा टाकीत टाकावा, एवढी!

एवढेसे विष शोधायला आजही मोठ्या प्रयोगशाळेत महागडी यंत्रे लावतात. ती यंत्रे चालवायला शिकलेली माणसे लागतात. वीज लागते, गॅस लागतो. ती यंत्रे काही गावोगाव नेता येत नाहीत.

आणखी एक गोष्ट येथेच सांगून ठेवतो. पाणी उकळले की जंतू मरतात, हे आपण सर्वांनी ऐकले आहे. ते खरे आहे. पण शिसे म्हणजे काही जंतू नव्हे. ते मरत नाही. उकळताना पाण्याची वाफ होऊन जाते, शिसे भांड्यातच राहते. म्हणजे उकळल्याने ते उलट थोडे दाटच होते. तुरटी फिरवली की गाळ खाली बसतो. पण म्हणून विरघळलेला धातू निघून गेला, असे समजू नये.

कोयनेल आणि बँकेतला दिवा

आता उजेडाकडे वळू. बँकेत पैसे भरायला गेलात, तर कधीकधी कारकून नोट एका जांभळट दिव्याखाली धरतो. साध्या उजेडात नोटेवर न दिसणारे बारीक धागे तेव्हा झळाळून उठतात. नोटेचा नंबरही चमकतो. नोट खरी की खोटी, हे त्याला त्यावरून कळते.

त्या दिव्याचा खरा उजेड आपल्या डोळ्यांना दिसत नाही. तो जांभळ्या रंगाच्याही पलीकडचा असतो. त्याला अतिनील उजेड म्हणतात. काही पदार्थ हा न दिसणारा उजेड पितात आणि दिसणारा उजेड परत देतात. जणू एखाद्याने शंभर रुपये घेतले, वीस स्वतः ठेवले आणि ऐंशी परत केले. उजेडाचे थोडे बळ पदार्थात राहते, म्हणून परत येणारा उजेड वेगळ्या रंगाचा असतो. ह्या झळाळण्याला शास्त्रज्ञ फ्लुओरेसन्स म्हणतात.

हिवतापावरचे कोयनेल जुन्या माणसांना ठाऊक आहे. कडू जहर! ते पाण्यात विरघळवले आणि त्यावर अतिनील उजेड पाडला, की पाणी निळे झळाळते. १८५२ साली केंब्रिज येथील जॉर्ज स्टोक्स या शास्त्रज्ञाने अशा पदार्थांचा बारकाईने अभ्यास केला. फ्लुओरेसन्स हे नावही त्यानेच दिले. आपल्या घरातली हळदसुद्धा असाच पदार्थ आहे. स्पिरिटमध्ये कालवलेली हळद अतिनील दिव्याखाली हिरवट पिवळी झळाळते.

आता गंमत पाहा. कोयनेलचे निळे झळाळणारे पाणी घ्यावे आणि त्यात मीठ टाकून ढवळावे. उजेड मंदावतो! पाणी तेच, कोयनेल तेच, दिवा तोच. मग उजेड का गेला? कोयनेलचा कण उजेड परत देणार, तोच मिठाचा कण त्याला येऊन धडकतो. उजेडाचे बळ त्या धडकेत वाया जाते.

म्हणजे मीठ आहे की नाही, हे आपल्याला जीभ न लावता कळले. उजेडाने ते सांगितले. जड धातू शोधण्याच्या युक्तीचे मूळ हेच आहे.

भोक पडलेली बादली

मात्र विषाच्या शोधाला कोयनेल पुरत नाही. तेथे मुद्दाम घडवलेले रसायन लागते. त्याला आपण सूचक रसायन म्हणू. त्याचे दोन भाग असतात. एक भाग म्हणजे दिवा. तो उजेड देतो. दुसरा भाग म्हणजे हात. तो धातूला धरतो.

हे काम कसे चालते? विहिरीवरची बादली आठवा. बादलीला भोक असले, तर कितीही पाणी भरा, वर येईपर्यंत ती रिकामी होते. सूचक रसायनाचेही तसेच आहे. दिव्याचा भाग अतिनील उजेड पितो. पण हाताच्या भागातून ते बळ गळून जाते. म्हणून रसायन अंधारे राहते. मग पाण्यातला धातू येतो आणि हातात बसतो. भोक बुजते. बळ गळायचे थांबते. दिवा पेटतो.

श्रीलंकेत जन्मलेले शास्त्रज्ञ ए. पी. डिसिल्व्हा यांनी उत्तर आयर्लंडमधील बेलफास्ट येथे १९८० नंतरच्या दशकात अशी रसायने रचण्याची रीत पुढे आणली. ह्या रीतीची रसायने पुढे दवाखान्यांत रक्तातले सोडियम आणि पोटॅशियम मोजायला वापरली जाऊ लागली. म्हणजे ही नुसती पुस्तकातली गोष्ट नव्हे.

काही धातूंचा स्वभाव मात्र उलटा असतो. ते भोक बुजवत नाहीत, उलट भोक पाडतात. तांबे पुष्कळदा असे करते. मग पेटलेला दिवा विझतो. तेव्हा दिवा पेटणे ही एक खूण, आणि दिवा विझणे ही दुसरी खूण. पण पेटण्याची खूण जास्त भरवशाची. अंधारात एक काजवा चमकला तर लगेच दिसतो. शंभर काजव्यांतला एक विझला तर कोणाच्या ध्यानात येते?

पारा आणि गंधक

आता खरा प्रश्न असा, की हाताने हवा तोच धातू कसा धरावा? पाण्यात चुन्याचे क्षार असतात, लोह असते, मीठ असते. त्या सगळ्यांना सोडून नेमका पारा कसा पकडावा?

ह्याचे उत्तर आपल्या वैद्यांना जुन्या काळापासून अर्धे ठाऊक होते. पारा आणि गंधक एकत्र खलले, की दोघे एकजीव होऊन काळी कज्जली होते. हिंगूळ म्हणजेही पारा आणि गंधकच. पाऱ्याला गंधकाची फार ओढ असते. शास्त्रज्ञांनी ह्याच ओढीचा फायदा घेतला. त्यांनी सूचक रसायनाच्या हातात गंधक ठेवले.

२००५ साली दक्षिण कोरियातील शास्त्रज्ञांनी असे एक रसायन तयार केले. ते ऱ्होडामाइन नावाच्या गुलाबी रंगापासून बनवलेले होते. हा रंग खाण्यात मात्र येऊ नये, बरं का! ह्याच रंगामुळे २०२४ साली तामिळनाडूत 'म्हातारीचे केस' ह्या गुलाबी मिठाईवर बंदी घालावी लागली. पण परीक्षानळीत तो गुणाचा आहे.

शास्त्रज्ञांनी ह्या रंगाचे दार गंधक असलेल्या कडीने बंद केले. दार बंद असले, की रंग नाही आणि उजेडही नाही; नुसते पाण्यासारखे. त्यात पाऱ्याचा क्षार आला, की तो कडीतले गंधक ओढून नेतो. दार उघडते. पाणी गुलाबी होते आणि अतिनील उजेडात झळाळू लागते.

पुढच्याच वर्षी, २००६ साली, त्यांनी हेच रसायन झेब्रा मासा ह्या बोटभर माशात वापरून पाहिले. हा मासा मूळचा आपल्याकडच्याच नद्यांतला. जिवंत माशाच्या अंगात पारा आहे, हे उजेडाने दाखवले. मिनामाटाच्या कोळ्यांना जे दिसत नव्हते, ते आता दिसू लागले.

शिशाचा हिरवा उजेड

आपल्या घराच्या दृष्टीने शिशाची भीती जास्त. कारण शिसे आपल्या भोवती पुष्कळ आहे. मोटारीच्या आणि इन्व्हर्टरच्या बॅटरीत ते असते. जुन्या तेलाच्या रंगात ते असे. जुन्या रीतीचा शेंदूर शिशापासूनच करतात. कल्हईच्या कथलात कोणी शिसे मिसळले, तर ते भांड्यातून जेवणात येते.

मोठ्या माणसापेक्षा लहान मुलाला शिसे जास्त बाधते. मूल जमिनीवर रांगते, हात तोंडात घालते. शिसे त्याच्या मेंदूची वाढ खुंटवते. मूल अभ्यासात मागे पडते. आईबाप म्हणतात, "पोरगं मठ्ठ आहे." पण दोष पोराचा नसतो. शिशाची अमुक एक मात्रा निर्धोक आहे, असे जागतिक आरोग्य संघटना मुळीच मानत नाही.

नेदरलँड्स देशातील शास्त्रज्ञांनी शिसे शोधण्याची एक सोपी रीत २०२३ साली प्रसिद्ध केली. एक रसायन फवाऱ्याने वस्तूवर मारायचे. रंगावर, खेळण्यावर किंवा धुळीवर. तेथे शिसे असले, तर ते रसायन शिशाशी मिळून एक नवा पदार्थ बनवते. त्यावर अतिनील बॅटरीचा झोत टाकला, की तो भाग हिरवागार झळाळतो. शिसे डोळ्यांना मुळीच दिसणार नाही एवढे थोडे असले, तरीही. ही रीत मुख्यतः वस्तूंसाठी आहे. पाण्यातल्या शिशासाठी निराळी सूचक रसायने आहेत.

चाळणी आणि तराजू

इतके वाचल्यावर कोणालाही वाटेल, की आता एक बाटली आणि एक दिवा आणला, की काम झाले. तसं नाही. ह्या युक्तीच्या उणिवाही आपल्याला ठाऊक हव्यात.

पहिली उणीव. सूचक रसायन कधीकधी फसते. शिशाच्या जागी दुसराच धातू हातात बसतो आणि दिवा पेटतो. किंवा पाण्यात तांबे आणि लोह जास्त असले, तर खरा दिवाही विझतो.

दुसरी उणीव. पाणी गढूळ असले, तर उजेड अडतो. पाणी आंबट किंवा खारे असले, तरी उजेड कमीजास्त होतो. प्रयोगशाळेतल्या शुद्ध पाण्यात जे चालते, ते ओढ्याच्या पाण्यात चालेलच असे नाही.

तिसरी उणीव. अशी पुष्कळ रसायने शास्त्रज्ञांच्या टेबलावरच राहिली आहेत. गावातल्या पाण्याला भरवशाने लावावी अशी त्यांतली थोडीच.

मग ह्यांचा उपयोग काय? उपयोग चाळणीचा. धान्य आपण आधी चाळतो आणि मग तोलतो. शंभर विहिरी असल्या, तर सगळ्यांचे पाणी महागड्या यंत्रात घालणे परवडत नाही. सूचक रसायनाने आधी संशयाच्या दहा विहिरी निवडाव्यात. मग त्या दहांचे पाणी प्रयोगशाळेत पाठवावे. चाळणीचे काम चाळणीने करावे आणि तराजूचे तराजूने. चाळणीलाच तराजू समजू नये.

उजेड पडल्यावर पुढे काय?

आता मिनामाटाच्या दुसऱ्या गोष्टीकडे येऊ. तेथे डॉक्टरांना विष कळले होते; पण कारखान्याने ते दाबले. म्हणजे विष दिसणे पुरेसे नाही. दिसल्यावर माणसांनी हालले पाहिजे.

ह्याच्या अगदी उलट हकीकत आपल्या शेजारच्या बांगलादेशात घडली. तेथे १९८० नंतरच्या दशकात महापुराने हळद भिजली आणि काळवंडली. तिला भाव येईना. म्हणून काही लोक हळकुंडांना एक भडक पिवळी पूड चोळू लागले. ती पूड म्हणजे शिसे आणि क्रोमियम यांचा क्षार. हळकुंडे सोन्यासारखी दिसू लागली. गिऱ्हाईक खूश. पण रोजच्या आमटीबरोबर शिसे घराघरात गेले. गरोदर बायकांच्या रक्तातही ते सापडले.

२०१९ साली संशोधकांनी हे उघड केले. सरकारी अधिकारी ढाक्याच्या श्यामबाजारात हातात धरायचे एक यंत्र घेऊन गेले. ते यंत्र वस्तूवर क्ष-किरण टाकते. शिसे असले, तर ते आपल्या खास किरणांनी उत्तर देते. म्हणजे हेही झळाळणेच. फक्त ते डोळ्यांना न दिसता यंत्राला दिसते. भेसळीची हळद जप्त झाली. व्यापाऱ्यांना दंड झाला. वर्तमानपत्रांतून लोकांना सावध केले. २०१९ साली बाजारातल्या तपासलेल्या हळदीच्या १०० नमुन्यांपैकी ४७ नमुन्यांत शिसे होते. २०२१ साली एकाही नमुन्यात सापडले नाही.

जपानात बारा वर्षे. बांगलादेशात दोन वर्षे. असा फरक का पडला? एके ठिकाणी साक्ष दाबली. दुसऱ्या ठिकाणी साक्ष भर बाजारात ऐकवली. उजेड हा नुसता साक्षीदार आहे. न्याय माणसांनी करायचा असतो.

आपण काय करावे?

आपल्या महाराष्ट्रात पाणी तपासण्यासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारी प्रयोगशाळा आहेत. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक पाण्याचे नमुने घेतो. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन योजनेत प्रत्येक गावातल्या पाच बायांना पाणी तपासायला शिकवावे, असे ठरले. गावातल्या तपासणीच्या पेटीने फ्लोराइड, लोह, नायट्रेट अशा गोष्टी कळतात. पण शिसे आणि पारा यांचा शोध सहसा प्रयोगशाळेतच लागतो. तेव्हा गावाजवळ कारखान्याचे सांडपाणी येत असेल, किंवा जुन्या बॅटऱ्या फोडण्याचा धंदा चालत असेल, तर ग्रामसभेत उभे राहून सांगावे, "आमच्या पाण्याची जड धातूंसाठी तपासणी करा." अर्ज लेखी द्यावा. आता आपल्याला लिहिता येते. त्या विद्येचा उपयोग येथे करावा.

नमुना घ्यायला तेलाचा किंवा औषधाचा जुना डबा वापरू नये. प्रयोगशाळेकडूनच बाटली मागून घ्यावी. बाटलीवर गावाचे नाव, विहिरीचे नाव आणि तारीख लिहावी. तपासणीचा कागद आला, की तो कपाटात ठेवू नये. चावडीवर सर्वांना वाचून दाखवावा.

घरातही थोडी काळजी घ्यावी. जुनी बॅटरी घरात फोडू नये. शिसे चुलीवर वितळवू नये. शेंदूर मुलांच्या हाती लागू देऊ नये. कल्हई करताना शुद्ध कथीलच वापरायला सांगावे. हळकुंडे फार भडक पिवळी दिसली, तर भुलू नये. ताप पाहण्याची काचेची नळी फुटली आणि पारा सांडला, तर तो हाताने गोळा करू नये, केरसुणीने झाडू नये. मुलांना दूर करून खिडक्या उघडाव्यात. मग पाऱ्याचे थेंब जाड कागदाने ढकलून झाकणाच्या बाटलीत भरावेत. एखाद्या मुलाच्या अंगात शिसे गेल्याचा संशय आला, तर दवाखान्यात रक्त तपासून ते कळू शकते.

अतिनील दिवा कोणाच्या हाती पडला, तर एक ध्यानात ठेवावे. त्याच्याकडे सरळ पाहू नये. मुलांच्या डोळ्यांवर त्याचा झोत टाकू नये.

डोळे, नाक आणि जीभ ह्या आपल्या तीन राखणदारांना रजा देऊ नये. त्यांच्या जोडीला तपासणी हा चौथा राखणदार ठेवावा. तो रात्री जागा असतो. जे तिघांना दिसत नाही, ते त्याला दिसते. पण त्याने हाक मारली, की उठायचे आपणच.

सांगा पाहू

१. पाणी उकळल्याने जंतू मरतात. मग शिसे का जात नाही?
२. कोयनेलच्या झळाळणाऱ्या पाण्यात मीठ टाकले, तर काय होते?
३. सूचक रसायनाचे दोन भाग कोणते? कोणता भाग काय काम करतो?
४. सूचक रसायनाला चाळणी का म्हटले? तराजू का म्हटले नाही?
५. मिनामाटा आणि ढाका येथील हकीकतींत काय फरक आहे?
६. तुमच्या गावच्या पाण्याची शेवटची तपासणी केव्हा झाली? तो कागद कोणाजवळ आहे? उद्या जाऊन विचारा आणि वाचून पाहा.